ऑक्सिजन न मोजता ऑक्सिजनवरची चाचणी: टिरापझामीनचे प्रकरण

२०१० साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त एका मोठ्या चाचणीचे निकाल छापून आले. चाचणीचे नाव हेडस्टार्ट. १६ देश, ८९ केंद्रे, डोके-मान कर्करोगाचे ८६१ रुग्ण. निम्म्या रुग्णांना रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे नेहमीचे औषध मिळाले, उरलेल्यांना सिस्प्लॅटिन आणि टिरापझामीन हे नवे औषध. दोन वर्षांनी पहिल्या गटातले ६५.७ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ६६.२ टक्के. अर्ध्या टक्क्याचा फरक. म्हणजे काहीच नाही.

टिरापझामीनची गोष्ट बहुतेकांच्या लेखी इथेच संपते: आशा दाखवणारे औषध, शेवटच्या टप्प्यावर फोल ठरले. हे प्रकरण पुन्हा उघडण्यासारखे आहे असे मला वाटते. हेडस्टार्टने एका प्रश्नाचे उत्तर नक्की दिले, पण ज्या प्रश्नासाठी हे औषध जन्माला आले होते, तो प्रश्न चाचणीत धडपणे विचारलाच गेला नव्हता.

आधी मूळ अडचण. रेडिएशन पेशीतल्या डीएनएवर घाव घालते, बरेचदा पाण्याच्या रेणूंपासून तयार झालेल्या मुक्त मूलकांच्या हातून. हा घाव लगेच भरून निघू शकतो. ऑक्सिजन जवळ असेल तर तो त्या जागी चिकटतो आणि नुकसान पक्के होते. ऑक्सिजन नसेल तर तेवढ्याच पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. लुई हॅरॉल्ड ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हे नीट मांडले. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तवाहिनीपासून दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या पलीकडे पेशी मेलेल्या होत्या. ऑक्सिजन तिथवर पोचतच नव्हता. मधल्या पट्ट्यातल्या पेशी अर्धपोटी पण जिवंत, आणि धोका त्यांचाच. रेडिएशनने भोवतालच्या पेशी मेल्या की याच पेशी पुन्हा डोके वर काढतात.

निरोगी ऊतींमध्ये ऑक्सिजनचा दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. डोके-मान कर्करोगाच्या गाठींमध्ये सुईसारखे इलेक्ट्रोड खुपसून मोजले, तेव्हा कित्येक गाठींचे मोठे भाग २.५ मिलिमीटरच्याही खाली सापडले. मारियान नॉर्ड्समार्क आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या केंद्रांतल्या ३९७ रुग्णांची अशी मोजमापे एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध केली. असा उपाशी भाग जितका जास्त, तितके रेडिएशननंतरचे आयुष्य कमी. हायपोक्सिया, म्हणजे ऊतीतली ऑक्सिजनची कमतरता, ही पुस्तकी गोष्ट नव्हती, रुग्णाच्या आयुष्याशी तिचा थेट संबंध होता.

मग उपाय? पहिला विचार साहजिकच ऑक्सिजन पोचवण्याचा. रुग्णाला उच्च दाबाच्या कक्षात ठेवून रेडिएशन देऊन पाहिले गेले. काही ठिकाणी फायदा दिसला, पण रोजच्या कामात तो प्रकार जिकिरीचा. रक्तातले हिमोग्लोबिन वाढवून पाहिले, तर भलतेच घडले. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ३५१ रुग्णांच्या चाचणीत एपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे औषध दिलेल्या गटाचे हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढले आणि कर्करोगावरचे नियंत्रण मात्र प्लासिबोपेक्षा, म्हणजे परिणामशून्य नकली औषधापेक्षा, वाईट निघाले. रक्तात ऑक्सिजन वाढला म्हणजे गाठीत पोचला, हे गृहीत धरता येत नाही. हा निकाल मला पुढेही आठवत राहतो, कारण 'तर्क बरोबर आहे, मग निकालही बरोबर येईल' या भ्रमावर त्याने चांगलेच पाणी फिरवले.

दुसरा मार्ग ऑक्सिजनचे सोंग घेणाऱ्या औषधांचा. डेन्मार्कमधल्या डाहान्का या डोके-मान कर्करोगावर काम करणाऱ्या गटाने निमोराझोल वापरले. १९८६ ते १९९० या काळात घशाच्या आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाच्या कर्करोगाचे ४२२ रुग्ण त्यांनी चाचणीत घेतले. पाच वर्षांनी स्थानिक नियंत्रण, म्हणजे त्याच भागात आजार न उलटण्याचे प्रमाण, निमोराझोलसह ४९ टक्के, प्लासिबोसह ३३ टक्के. डेन्मार्कमध्ये ते औषध नेहमीच्या उपचारात रुजले, बाहेर फारसे पसरले नाही.

तिसरी कल्पना सगळ्यांत धीट: उपाशी पेशींना खायला घालण्याऐवजी त्यांच्या उपाशीपणाचाच फायदा घ्यायचा. टिरापझामीन ही ती कल्पना. स्टॅनफर्डमध्ये मार्टिन ब्राऊन यांच्या गटाने त्यावर पायाभूत काम केले. पेशीतली काही एन्झाइम या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतात आणि त्याचे मूलक बनते. ऑक्सिजन असेल तर तो इलेक्ट्रॉन लगेच काढून घेतो आणि औषध मूळ रूपात परत येते, फारसे काही बिघडत नाही. ऑक्सिजन नसेल तर ते मूलक डीएनएचे तुकडे करते. जिथे रेडिएशन लुळे पडते तिथेच हे औषध धारदार. शिवाय सिस्प्लॅटिनसोबत दिले तर दोघांचा परिणाम प्रयोगशाळेत बेरजेहून जास्त दिसला होता.

एक खोच मात्र सुरुवातीपासून होती. औषध रक्तवाहिनीतून बाहेर पडून उपाशी पेशींपर्यंत पोचायला हवे आणि वाटेतल्या पेशी ते खर्चून टाकत असतील तर टोकापर्यंत फारसे उरत नाही. अगदी ऑक्सिजनसारखेच! सर्वांत गरजू पेशींच्या वाट्याला सर्वांत कमी.

आता प्रकरणाचा गाभा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ट्रान्स-टास्मन रेडिएशन ऑन्कॉलॉजी ग्रुपने, म्हणजे ट्रॉगने, एक मध्यम आकाराची यादृच्छिक चाचणी केली. डॅनी रिशिन तिचे प्रमुख. १२२ रुग्ण, सगळ्यांना ७० ग्रे (हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन सात आठवड्यांत. एका गटाला टिरापझामीन आणि सिस्प्लॅटिन. दुसऱ्या गटाला 'केमोबूस्ट', म्हणजे शेवटच्या दोन आठवड्यांत सिस्प्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल. तीन वर्षांनी आजार न उलटलेले रुग्ण ५५ टक्के विरुद्ध ४४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक पक्का नव्हता, पण वाऱ्याची दिशा कळत होती.

याच चाचणीतल्या काही रुग्णांचे मेलबर्नमध्ये वेगळे स्कॅन झाले. फ्लुओरोमिसोनिडाझोल हे नायट्रोइमिडाझोल जातीचे रसायन किरणोत्सर्गी फ्लोरिनने खुणावून शिरेतून देतात. ऑक्सिजन नसलेल्या पेशींत ते अडकून बसते आणि काही तासांनी पेट स्कॅनमध्ये तिथे उजेड दिसतो. चित्र फार सुरेख येत नाही. गाठ आणि आजूबाजूची जागा यांच्यातला फरक कमी असतो, त्यामुळे ते वाचायला सवय लागते. ४५ रुग्णांचे स्कॅन झाले, ३२ जणांत हायपोक्सिया दिसला.

पुढचे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले. हायपोक्सिया असलेल्या आणि टिरापझामीन न मिळालेल्या १३ रुग्णांपैकी ८ जणांत आजार स्थानिक पातळीवर उलटला. हायपोक्सिया असलेल्या आणि टिरापझामीन मिळालेल्या १९ पैकी फक्त एकात. आणि हायपोक्सिया नसलेल्या, टिरापझामीनही न मिळालेल्या १० जणांपैकीसुद्धा एकातच. औषधाचा उपयोग ज्याला हवा त्याला झाला, ज्याला गरज नव्हती तो तसाही बरा होता. एवढ्या छोट्या गटांतले आकडे पुढच्या चाचणीत कोसळू शकतात, हे खरे. पण जीवशास्त्राने जे भाकीत केले होते तेच चित्र रुग्णांमध्ये इतक्या स्वच्छपणे उमटणे दुर्मीळ.

हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हेडस्टार्टमध्ये रुग्ण घेणे सप्टेंबर २००२ ला सुरू होऊन एप्रिल २००५ मध्ये थांबले होते.

हेडस्टार्टचा आराखडा बारकाईने पाहिला की तीन गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली, तुलना कोणाशी. ट्रॉगच्या चाचणीत टिरापझामीनचा सामना केमोबूस्टशी होता, जिथे सिस्प्लॅटिन उशिरा आणि थोडे मिळते. हेडस्टार्टमध्ये नियंत्रण गटाला, म्हणजे टिरापझामीन न मिळालेल्या गटाला, शरीराच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आठवड्यात. एकूण ३००. टिरापझामीन गटाला त्याच आठवड्यांत ७५, म्हणजे एकूण २२५, आणि सोबत टिरापझामीन. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नुसते टिरापझामीन. थोडक्यात, नव्या औषधाने आधी सिस्प्लॅटिनची एक चतुर्थांश तूट भरून काढायची आणि मग वर फायदा दाखवायचा. दोन्ही विषारी औषधे पूर्ण मात्रेत सोबत देणे रुग्णाला झेपले नसते, त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग निकाल बरोबरीचा आला की 'टिरापझामीन निरुपयोगी' असे म्हणता येत नाही. 'टिरापझामीनने पाऊणशे मिलिग्रॅमची तूट भरून काढली' असेही त्याचे वाचन होऊ शकते. कोणते बरोबर, हे या आराखड्यातून कळूच शकत नाही.

दुसरी, निवड कोणाची. स्टेज तीन किंवा चारचा, पूर्वी उपचार न झालेला, तोंड, घसा किंवा स्वरयंत्राचा स्क्वॅमस कर्करोग असलेला रुग्ण चाचणीत येऊ शकत होता. गाठीत हायपोक्सिया आहे की नाही, याची अट नव्हती. मांडणी अशी होती की नियंत्रण गटात दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के धरून ते ७० वर गेले तर फरक पकडता यावा. आता गंमत म्हणून हिशेब करा. समजा दर शंभरात साठ गाठी खरोखर उपाशी आहेत. सगळ्या गटात दहा टक्क्यांची सुधारणा दिसायची असेल, तर या साठांमध्ये ती जवळजवळ सतरा टक्के असायला हवी, कारण उरलेल्या चाळिसांत औषधाला करण्यासारखे काही नाहीच. उलट त्या चाळिसांना त्रास मात्र पुरेपूर. स्नायूंत गोळे येणे, अंगावर पुरळ, तात्पुरते ऐकू कमी येणे हे टिरापझामीनचे ओळखीचे त्रास आहेत.

तिसरी गोष्ट कोणी आराखड्यात ठरवून टाकली नव्हती, ती घडली. लेस्टर पीटर्स आणि सहकाऱ्यांनी हेडस्टार्टच्या रेडिएशन योजनांची तपासणी २०१० मध्येच वेगळ्या लेखात मांडली, आणि माझ्या मते त्या वर्षीचा तो जास्त महत्त्वाचा लेख होता. प्रत्येक रुग्णाची योजना उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात एका मध्यवर्ती केंद्राकडे जाणार आणि चूक असेल तर ते सांगणार, अशी सोय होती. नंतर समितीने पुन्हा सगळे तपासले. २५.४ टक्के रुग्णांच्या योजना नियमात बसणाऱ्या नव्हत्या. एकूण रुग्णांपैकी १२ टक्क्यांच्या योजनांत तर असे दोष होते की त्यामुळे कर्करोगावरचे नियंत्रणच जाण्याची भीती होती: गाठीचा किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींचा भाग किरणांच्या कक्षेबाहेर राहिलेला, नाहीतर मात्रा कमी पडलेली.

हे दोष सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. ज्या केंद्रांनी पाचपेक्षा कमी रुग्ण दिले, तिथे गंभीर दोष २९.८ टक्के. ज्यांनी वीस किंवा जास्त दिले, तिथे ५.४ टक्के. डोके-मान भागात रेडिएशनची आखणी करणे हे हस्तकौशल्य आहे. गिळण्याचे स्नायू, लाळग्रंथी, मेरुरज्जू हे सगळे बोटभर अंतरात. वर्षाला दोन-चार रुग्ण पाहणाऱ्याचा हात त्यात बसत नाही.

किमान ६० ग्रे मिळालेल्या रुग्णांपुरते पाहिले तरी चित्र असे: गंभीर दोष असलेल्या ८७ रुग्णांपैकी दोन वर्षांनी हयात ५० टक्के, सुरुवातीपासून नियमाप्रमाणे उपचार झालेल्या ५०२ रुग्णांपैकी ७० टक्के. आजार स्थानिक पातळीवर न उलटलेले ५४ विरुद्ध ७८ टक्के.

पुन्हा मागे जाऊन पाहा. चाचणी नव्या औषधातून दहा टक्क्यांची आशा बाळगून होती. साध्या, जुन्या, सगळ्यांना येते असे मानलेल्या रेडिएशनच्या दर्जामुळे पडलेला फरक वीस टक्क्यांचा निघाला. गाठीचा तुकडा किरणांच्या बाहेर राहिला असेल तर तिथल्या पेशी उपाशी आहेत की पोटभर खाऊन आहेत याने काय फरक पडणार? हायपोक्सियाचा परिणाम मोजायचा तर आधी रेडिएशन नेमके पोचायला हवे. त्या रुग्णांपुरते टिरापझामीन ज्या जखमेवर काम करणार होते, ती जखमच झाली नव्हती.

चौथा धागा नंतर सापडला. २००२ मध्ये आराखडा बनताना फारसा कोणी एचपीव्हीचा, म्हणजे घशाचा कर्करोग करू शकणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, विचार करत नव्हते. पुढे घशाच्या मधल्या भागातल्या कर्करोगाच्या १८५ रुग्णांचे नमुने पी१६ या खुणेसाठी तपासले गेले. १०६ जणांत, म्हणजे ५७ टक्क्यांत, पी१६ होते. म्हणजे विषाणूमुळे झालेला कर्करोग असण्याची दाट शक्यता. त्यांच्यातले दोन वर्षांनी हयात ९१ टक्के, पी१६ नसलेल्यांतले ७४. ९१ टक्के रुग्ण तसेही जगत असतील तर नवे औषध दाखवणार काय? पी१६ नसलेल्या गटात स्थानिक नियंत्रण टिरापझामीनच्या बाजूने झुकलेले दिसले, पण आकडे लहान, खात्री नाही.

आराखडा करणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे प्रकरण मागाहून शहाणपणा शिकवण्यासारखे होईल. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. ते रसायन जवळपास बनवणारी सोय, पेट स्कॅनर आणि तो वाचू शकणारे डॉक्टर, हे सगळे २००२ साली १६ देशांतल्या ८९ केंद्रांत असणे अशक्यच होते. इलेक्ट्रोडची सुई मानेतल्या गाठीत खुपसता येते, घशाच्या तळाशी असलेल्या गाठीत नाही. रुग्णांना महिनाभर स्कॅनच्या रांगेत ठेवता येत नव्हते. आणि ट्रॉगच्या चाचणीचा एकूण निकाल निवड न करताही चांगला दिसत होता. अशा वेळी 'सगळ्यांना द्या, मोठी संख्या घ्या, खरा फायदा असेल तर दिसेल' असे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते.

पण माझा आक्षेप राहतोच. थोड्या, अनुभवी केंद्रांत, स्कॅन करून निवडलेल्या रुग्णांवर चाचणी घेतली असती तर संख्या कितीतरी कमी लागली असती. औषधाची यंत्रणा जितकी नेमकी, तितकी निवडही नेमकी हवी. मोठ्या संख्येने गोंगाट दाबता येतो हे खरे, पण खरा आवाज जिथे आहे तिथे कान लावला असेल तरच. हेडस्टार्टमध्ये मध्यवर्ती तपासणी होती, म्हणून दोष तरी उजेडात आले. ज्या चाचण्यांत ती नव्हती, तिथले फसलेले निकाल आपण किती बिनधास्त उद्धृत करतो, हा विचार मला जास्त अस्वस्थ करतो.

टिरापझामीनला नंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही संधी मिळाली. तिथेही सिस्प्लॅटिन आणि रेडिएशनच्या जोडीला ते दिले गेले. औषधाचा पुरवठा थांबल्याने चाचणी लवकर बंद झाली आणि फायदा दिसला नाही. त्यानंतर या औषधाचे नाव मागेच पडले.

हायपोक्सियाचा प्रश्न मात्र मिटला नाही. नेदरलँड्समधल्या आर्कॉन चाचणीत स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांपैकी एका गटाला वेगाने दिलेल्या रेडिएशनसोबत कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) आणि निकोटिनामाइड (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) देऊन पाहिले. गाठीवरच्या नियंत्रणात एकूण फरक नव्हता. पण ज्यांच्या नमुन्यांत हायपोक्सिया मोजला होता, त्यांच्यातल्या उपाशी गाठींमध्ये मानेतल्या ग्रंथींवरचे नियंत्रण १०० टक्के, तर नुसत्या रेडिएशनने ५५ टक्के. पुन्हा छोटा गट, पुन्हा तेच चित्र.

एवढ्यावरून 'मोजा आणि निवडा, मग यश नक्की' असे म्हणायचा मोह होतो. ब्रिटनमधल्या निमरॅड चाचणीने त्याला लगाम घातला. केमो न झेपणाऱ्या ३३८ रुग्णांत रेडिएशनसोबत निमोराझोल आणि प्लासिबोची तुलना झाली, हायपोक्सियाची जनुकीय खूण वापरूनच. चाचणी फायद्याची चिन्हे नसल्याने लवकर थांबवली आणि उपाशी गाठींतही फायदा सिद्ध झाला नाही. मोजमाप कशाचे, कोणत्या क्षणी आणि कोणत्या औषधासाठी, हे प्रश्न त्यानंतर आणखी टोकदार झाले. उपचार सुरू झाल्यावर एखाद्या गाठीतला हायपोक्सिया पहिल्या दोन आठवड्यांतच विरून जातो, दुसरीत तसाच राहतो. एकदाच घेतलेल्या नमुन्यातून हे कसे कळणार?

हा बदलच मोजून त्यावर निर्णय घेण्याचा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये झाला, आणि तोही उलट्या दिशेने. एचपीव्हीमुळे घशात कर्करोग झालेल्या १९ रुग्णांची मूळ गाठ काढून मानेतल्या ग्रंथी तशाच ठेवल्या. त्याच फ्लुओरोमिसोनिडाझोलने आधी आणि उपचार चालू असताना स्कॅन केले. हायपोक्सिया नसेल किंवा मध्येच नाहीसा झाला असेल तर रेडिएशन ३० ग्रेवर थांबवायचे, उरला असेल तर पूर्ण ७० द्यायचे. १५ जणांना ३० ग्रे पुरेसे ठरवले गेले. काही महिन्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या त्यांच्या ग्रंथी तपासल्या, तेव्हा बहुतेकांत जिवंत कर्करोग उरला नव्हता.